घरात पोष्टाची तिकिटं मांडायची आहेत, कशी मांडू?

कावेरी_ठाणे

नमस्कार मंडळी. बाबांनी पस्तीस-चाळीस वर्षं जमवलेली तिकिटं आता माझ्याकडे आली आहेत. तीन आल्बम, एक स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची पट्ट्यांची वही) आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेली सुटी तिकिटं. बाबांना डोळ्यांमुळे आता बारीक काही दिसत नाही. "तुला हवं ते कर, फक्त रद्दीवाल्याला देऊ नकोस," एवढंच म्हणाले.

आम्ही नवीन फ्लॅटमध्ये आलोय आणि हॉलमधली एक भिंत मोकळी आहे. नवऱ्याला तिथे मोठा टीव्ही हवाय. मला तिथे ही तिकिटं फ्रेम करून लावायची आहेत. पाहुणे येतात, सरबत पितात आणि मोबाइल काढून बसतात. त्यांनी जरा उठून भिंतीपाशी जावं, "हे काय आहे गं?" म्हणून विचारावं, एवढीच इच्छा.

बाजूला काढलेली: १९७६ ची रेल्वे इंजिनं, १९८१ ची फुलपाखरं, १९८४ चे किल्ले (त्यात आपला सिंहगड आहे!) आणि १९४८ चे दोन गांधी. भिंत पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. खरी तिकिटं लावू का? किती लावू? कोणी केलंय का असं?

गंपू

टीव्हीच लावा. पाहुणे उठणार नाहीत, पण मोबाइल तरी खाली ठेवतील.

मुक्काम_पोस्ट

कावेरीताई, थांबा! पश्चिमेची खिडकी वाचली आणि पोटात गोळा आला.

मी हा उद्योग केलेला आहे. पंधराएक वर्षांपूर्वी चाळीस तिकिटं निवडली, गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे दिली आणि सांगितलं, "छान लाव." त्याने छानच लावली. प्रत्येक तिकिटाच्या पाठीला पांढरा गोंद चोपडून! मला घरी आणल्यावर कळलं. म्हटलं जाऊ दे, आता काढायची थोडीच आहेत. सहा वर्षांनी रंगकामासाठी फ्रेम उतरवली आणि मागची फळी उघडली. पुठ्ठ्याच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटर झाकली गेलेली तिकिटाची किनार गर्द जांभळी, आणि उघड्यावर राहिलेला भाग धुतलेल्या सदऱ्यासारखा. रोज बघत असल्यामुळे ती उडतायत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

थेट ऊन पडायलाच हवं असं नाही. नुसत्या उजेडानेही शाई उडते. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक मिळतं, त्याने वेग कमी होतो, पण थांबत नाही. म्युझियमवाले कागदावरच्या नाजूक वस्तूंना ५० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. म्हणजे आपल्या हॉलमध्ये संध्याकाळी दिवा लावायच्या आधी असतो ना, जवळपास तेवढा. तेवढ्या अंधारात पाहुण्याला तिकीट दाखवायचं तर हातात बॅटरी द्यावी लागेल.

शून्य_पैसे

आधी किंमत काढून घ्या हो. गांधींची तिकिटं लाखोंत जातात असं वाचलंय. भिंतीवर कसली लावताय, लॉकरमध्ये ठेवा.

खडूस_काका

आला! तिकिटांच्या प्रत्येक धाग्यावर "लाखोंत जातात" म्हणणारा एक येतोच.

लाखोंत जाणारे गांधी वेगळे. १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी त्यांच्यावर 'सर्व्हिस' असं छापून फक्त १०० संच काढले होते. त्या दहा रुपयांच्या चार जोडून असलेल्या तिकिटांना २०१७ साली ५ लाख पौंड मिळाले. बातमी ती. आपल्या डब्यातले गांधी शिक्का मारलेले दीड आण्याचे असतात. मलाही वाटलं होतं एके काळी. एका डीलरकडे पिशवी घेऊन गेलो. त्याने चहा पाजला आणि पिशवी परत दिली.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली बहुतेक स्मारक तिकिटं इतकी छापली गेली आणि इतक्या लोकांनी "पुढे किंमत येईल" म्हणून जपली, की ती सगळ्यांकडेच आहेत. त्यामुळे कावेरी, बिनधास्त लाव. आणि खरं सांगू का, पाहुण्यांना तिकिटांचं काडीचं पडलेलं नसतं. "अरे वा" म्हणतील आणि वायफायचा पासवर्ड विचारतील.

कावेरी_ठाणे

काका, लगेच भिंग घेऊन बसले. दीड आणा आणि साडेतीन आणे. 'सर्व्हिस' नाही. नवरा दोन मिनिटं आशेने उभा होता, गेला परत.

मुक्काम_पोस्ट, किनारीचं वाचून काटा आला. म्हणजे खरी तिकिटं नाहीच लावायची?

नाशिकरोडकर

गांधींचा विषय निघालाय म्हणून. माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. इथे १९२५-२६ पासून तिकिटं छापतात, देशभरच्या पाकिटांवर चिकटलेली बहुतेक तिकिटं आमच्या गावाहून निघालेली. लहानपणी सगळ्या नातेवाइकांना वाटायचं आमच्या घरात तिकिटांचे गठ्ठे असतील. एक कपटासुद्धा बाहेर येत नसे! तपासणी अशी की वडील घरी येताना डब्यातली उरलेली पोळीसुद्धा दाखवून येत, असं ते गमतीने सांगायचे. मी माझी तिकिटं इतर पोरांसारखी पाकिटं फाडूनच जमवली.

तर मुद्दा: १९४८ चे गांधी मात्र नाशिकला छापलेले नाहीत. ते स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्यूरने छापून आणले. चरख्याचा माणूस, आणि स्वतंत्र देशाचं त्याच्यावरचं पहिलं तिकीट परदेशी छपाईचं! त्यावर हिंदीत आणि उर्दूत 'बापू' लिहिलंय, भिंगातून बघा. पुढे २०११ साली चक्क खादीवर छापलेलं गांधींचं १०० रुपयांचं तिकीट निघालं, बहुधा त्याचंच परिमार्जन. ही दोन शेजारी-शेजारी ठेवलीत तर खडूसकाकांचा पाहुणासुद्धा पासवर्ड विसरेल.

अनुस्वार

'पोष्टाची तिकिटं मांडायची' वाचून मला वाटलं भातुकली चाललीय. 'टपाल तिकिटं' आणि 'लावायची' असं हवं. बाकी धागा छान.

गंपू

अनुस्वार, तुमच्या प्रतिसादावर तिकीट कमी लागलंय, दुप्पट आकार भरावा लागेल.

चिंचपोकळी_लोकल

काय धागा काढलात! थेट चौथीत गेलो.

आमच्या चाळीत तिकिटांचा शेअर बाजार होता. दुपारी जिन्यात भरायचा. एक रशियन अंतराळयान बरोबर दोन भारतीय. त्रिकोणी तिकिटाला काहीही मागा. स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक पाकिटं मिळायची, त्यात हमखास 'मग्यार पोस्टा'. आमच्यातल्या एकाने ठासून सांगितलं होतं की मग्यार हे आफ्रिकेत आहे. कॉलेजात गेल्यावर कळलं, हंगेरी! 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, हे सगळं भूगोलाच्या बाईंच्या आधी तिकिटांनी शिकवलं. आणि एका तिकिटावर नुसतं राणीचं डोकं, देशाचं नावच नाही, म्हणून मी ते 'खोटं' ठरवून अर्ध्या गोटीला विकलं. तिकिटांची सुरुवातच त्यांनी १८४० साली केली, म्हणून ब्रिटन तिकिटावर देशाचं नाव छापत नाही, हे कोणी तेव्हा सांगितलं असतं तर!

शून्य_पैसे

अर्धी गोटी म्हणजे?

चिंचपोकळी_लोकल

फुटलेली.

पेडणेकरीण

आमच्या गोव्यात उजेडापेक्षा दमटपणा वैरी. माझ्या आजेसासऱ्यांच्या कपाटात पोर्तुगीज काळातली तिकिटं होती, रुपिया-टांगाची आणि नंतरची १९५९ पासूनची एस्कुदो-सेंताव्होची. एकाच माणसाने एकाच पोस्टात जाऊन वेगळ्याच चलनाची तिकिटं घेतलेली, आणि ६१ साली गोवा मुक्त झाल्यावर दुसऱ्याच देशाची. घर तेच, खिडकी तीच. ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगते तेव्हा तरुण पोरंसुद्धा ऐकत राहतात. तेव्हा खडूसकाका, असहमत.

पण ती फ्रेममध्ये लावायची चूक आम्हीही केली. तिकीट थेट काचेला टेकलेलं. दोन पावसाळ्यांत कोऱ्या तिकिटांचा मागचा डिंक ओला होऊन गोळा झाला, एक काचेलाच चिकटलं, बाकीच्यांवर तांबूस ठिपके. काच आणि तिकीट यांच्यात फट हवीच. आणि फ्रेम बाहेरच्या भिंतीवर नको, तीच भिंत पावसात भिजते. आतली भिंत बघा.

तळटीप

कोरी तिकिटं लावूच नका या मताचा मी आहे. डिंकच नसला तर निम्मी कटकट संपते. शिक्का मारलेली, पाण्यातून काढलेली लावा.

पत्र्याच्या डब्यातली सुटी तिकिटं पाकिटाच्या कपट्यासकट असतील ना? कपटा थोडा मोठा कापून घ्यायचा, कोमट पाण्याच्या परातीत चित्र वर करून तरंगत सोडायचा. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सरकतं. सरकलं नाही तर आणखी थांबायचं, ओढायचं नाही. तिकिटाच्या कडेचे दाते तिथेच तुटतात. मग पाठीवरून बोट फिरवून बुळबुळीतपणा गेलाय का बघायचं आणि टीपकागदावर पालथं घालायचं. सुकताना ते पापडासारखं वळतं, घाबरू नका. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवलं की सपाट. लाल-हिरव्या पाकिटांचे कपटे त्याच परातीत टाकू नका. मी एकदा दिवाळीच्या शुभेच्छांचं पाकीट टाकलं होतं, सगळे नेहरू गुलाबी निघाले.

हाताळायला चिमटा घ्या, भुवयांचा नव्हे, चपट्या टोकाचा मिळतो. आणि स्टेशनरीतल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यातलं तेल तिकिटात उतरतं.

लंडनवासी_नाना

इथल्या ब्रिटिश लायब्ररीत गेलात तर प्रवेशाजवळच तिकिटांच्या उभ्या चौकटी आहेत, भिंतीत खोचलेल्या. एक-एक ओढून बाहेर काढायची, बघायची, परत आत ढकलायची. बाकी वेळ अंधारात. मला वाटतं उत्तर त्यात आहे. तिकीट हे सतत टांगून ठेवायची गोष्टच नाही. आणि गंमत म्हणजे, चौकट ओढायला मिळते म्हणूनच लोक थांबतात. समोरून नुसते चालत गेलेले लोक एखाद्या पोराने एक चौकट ओढली की मागे वळतात. घरात ओढायचा खण केलात तर पाहुणा नक्की उठेल.

खडूस_काका

नाना, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बुटांच्या कपाटाला जागा नसते, आणि तुम्ही ब्रिटिश लायब्ररी बसवा.

सदाशिव_पेठी_नव्हे

माझ्याकडे एकच आहे. जेवणाच्या टेबलाजवळ, पोस्टकार्डाएवढ्या फ्रेममध्ये एकच तिकीट: १९५८ चं, १५ नये पैसे, महर्षी कर्वे. जरा अंधारा कोपरा आहे आणि तिकीट साधं शिक्क्याचं आहे, उडालं तर दुसरं मिळेल.

जेवायला बसलेला माणूस विचारतोच, एवढ्या मोठ्या चौकटीत एवढंसं काय लावलंय? मग मी विचारते, "हे निघालं तेव्हा अण्णा कुठे होते?" सगळे सांगतात, स्वर्गात. नाही हो! त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला, १८ एप्रिलला ते निघालं आणि अण्णा चांगले हयात होते. हयातीत तिकिटावर आलेले पहिले भारतीय. पुढे चारेक वर्षं जगले. कल्पना करा, पत्राला उत्तर लिहायचं आणि वर स्वतःलाच चिकटवायचं!

तीस तिकिटं लावलीत तर ते वॉलपेपर होतं. लोक "छान" म्हणतात. एक लावलं की "का?" म्हणतात.

मुक्काम_पोस्ट

ताई, मानलं. यात मी भर घालतो: १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत सहा आण्याच्या तिकिटावर विजापूरचा गोल घुमट आहे. आता मुंबईचं जीपीओ आठवा, १९१३ साली पुरं झालेलं, जॉन बेगने बांधलं ते. त्याचा घुमट त्याच गोल घुमटावरून घेतलेला. म्हणजे त्या घुमटाखाली उभं राहून लोकांनी त्या घुमटाचं तिकीट थुंकी लावून पाकिटावर डकवलं. त्याच मालिकेत घारापुरीची त्रिमूर्ती नऊ पैचं आणि अजिंठा तीन पैचं. सुवासिक तिकिटं तर विचारूच नका: २००६ ला चंदन, पुढे गुलाब, मोगरा, २०१७ ला कॉफी. माझा भाचा येतो आणि घासून-घासून वास घेतो, चंदनाचं निम्मं तिकीट त्याच्या नाकात गेलंय.

आणि कावेरीताई, भिंत मोठी आहे तर स्कॅन करा. चांगल्या रिझोल्यूशनला एक तिकीट स्कॅन करून दोन फुटी छापा. एवढाल्या आकारात दाते, शिक्क्याची शाई, कागदाचे धागे, सगळं दिसतं. खरं तिकीट कपाटात सुखात.

अनुस्वार

झेरॉक्स भिंतीवर? मग खऱ्या तिकिटाला अर्थ काय राहिला? उद्या म्हणाल आंब्याचा फोटो खा.

तळटीप

अनुस्वारशी पहिल्यांदाच थोडा सहमत. छापील तर छापील, पण खाली खरं तिकीट बघायला मिळायला हवं. नाहीतर इंटरनेटवरून काढलंय असंच वाटेल.

पेडणेकरीण

एवढा काथ्याकूट झाला, कावेरी कुठे गेली?

गंपू

टीव्ही बघतेय.

कावेरी_ठाणे

आले आले. महिनाभर सुतार आणि सासूबाई दोन्ही घरात होते.

काय केलं ते सांगते. पश्चिमेची भिंत रद्द. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ आहे, तिथे ऊन येत नाही. त्या भिंतीवर सुताराकडून हातभर रुंद, चपटी पेटी करून घेतली, पुढे झडप. झडप उघडली की आत काच, काचेमागे बोटभर फट आणि पाच तिकिटं. पाचच. शेजारी दोरीला भिंग. नाना, तुमच्या चौकटीची ही गरिबाची आवृत्ती. तिकिटं दर महिन्याला बदलायची, तळटीप म्हणतात तसं सगळी शिक्क्याची. (परातीत एक टिळक गुलाबी झाले. सांगितलं होतंत, माहीत आहे.)

झडप बंद असते म्हणून तर सगळे उघडतात! मीटर बघायला आलेल्या माणसाला वाटलं फ्यूज आत आहेत. उघडली, मीटर राहिलं बाजूला, दहा मिनिटं भिंग लावून उभा. त्याला तिकिटांपेक्षा शिक्के आवडले. एका गांधींवर अर्धा गोल आहे, '...गाव' एवढंच वाचता येतं. जळगाव की कोरेगाव की चाळीसगाव यावर आमची चर्चा. आता येणारा प्रत्येक जण आपलं गाव त्यात बसवून बघतो. काका, पासवर्ड अजून कोणी विचारलेला नाही. म्हणजे विचारतात, पण नंतर.

दुसरं म्हणजे, मुक्काम_पोस्ट यांचं ऐकून किल्ल्यांची चारही तिकिटं मोठी छापली आणि पेटीच्या वर ओळीने लावली. ही माझ्या हौसेने, सजावट म्हणून. सिंहगड पहिला लावला, अर्थातच. रविवारी बाबांना घेऊन आले. ते बोळातून जाताना थबकले, चष्मा वर केला, नाक जवळजवळ कागदाला लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. कितीतरी वेळ. डोळे गेल्यापासून त्यांनी आल्बम उघडला नव्हता, मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

म्हणाले, "क्रम चुकलाय. सिंहगड दीड रुपयाचा. पन्नास पैशांचा ग्वाल्हेर आधी हवा, मग वेल्लोर, मग हा, आणि जोधपूर शेवटी."

तेव्हापासून रोज फोन करून विचारतात, बदललंस का.

सदाशिव_पेठी_नव्हे

बदललंत का?

कावेरी_ठाणे

नाही. रविवारी ते स्वतः येणार आहेत, स्टूल तयार ठेवायला सांगितलंय.

गंपू

सगळं ठीक, पण टीव्ही कुठे लावला?

कावेरी_ठाणे

बेडरूममध्ये. नवराही तिथेच लावलाय.